ज्ञान आणि आचरण यांमधील अंतर : 'लेटिंग देम डाय' या ग्रंथाच्या निमित्ताने

रोग कशाने होतो हे एकदा मनुष्यास कळले, की तो टाळण्याचा यत्न तो करीलच, या गृहीतावर सार्वजनिक आरोग्याच्या प्रचारकार्याची उभारणी दीर्घकाळ होत आली. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांच्या बाबतीत हे गृहीत वारंवार फोल ठरते. ते का फोल ठरते, याचा शोध कॅथरीन कॅम्पबेल यांनी दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींच्या परिसरात घेतला. 'लेटिंग देम डाय' हा त्यांचा २००३ सालचा ग्रंथ या शोधाचे फलित होय.

ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग खाणकामगारांविषयीचा आहे. घरापासून शेकडो मैल दूर, केवळ पुरुषांसाठी बांधलेल्या वसतिगृहांत हे कामगार राहत. भूगर्भात दरड कोसळून मृत्यू येण्याची भीती त्यांना रोजचीच असे. ती भीती गिळून खाली उतरण्यासाठी जी 'मर्दुमकी' अंगी बाणवावी लागे, तिच्यातच स्त्रीसंगाची अनावर गरज आणि धोक्याविषयीची बेफिकिरी गृहीत धरलेली होती. आज कोसळू शकणाऱ्या दरडीपुढे काही वर्षांनी मारणाऱ्या रोगाचे भय त्यांना फिके वाटावे, यात नवल नाही. अज्ञान किंवा अनीती या सोप्या उत्तरांना लेखिकेने येथे समर्थपणे बाजूस सारले आहे.

एचआयव्हीच्या प्रतिबंधासाठी तेथे जो प्रकल्प हाती घेण्यात आला, त्यात निरोधचे वाटप, गुप्तरोगांवरील उपचार आणि समवयस्कांकरवी शिक्षण यांचा समावेश होता. तरीही रोगांचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे घटले नाही. निरोधचा आग्रह धरणाऱ्या स्त्रीला सोडून गिऱ्हाईक शेजारच्या झोपडीत जाऊ शकत होते. भागीदार संस्थांचे लक्ष मुख्यतः औषधोपचारावर राहिले, आणि कामगारांना कुटुंबापासून तोडणारी मूळ व्यवस्था जवळजवळ अबाधित राहिली.

मात्र या अपयशाची मीमांसा करताना लेखिका 'सामाजिक भांडवल' या संकल्पनेवर जो भार टाकतात, तो तिला पेलवत नाही असे आमचे मत आहे. परस्परविश्वास आणि सहकार्य यांचा अभाव हे कारण मानले, तर दोष सर्वांमध्ये सारखाच वाटला जातो. वास्तविक वसतिगृहे कोणी बांधली आणि ती कोणाच्या हिताची होती, याचे उत्तर याच ग्रंथात विखुरलेले आहे. 'मरू देणे' या क्रियेला कर्ता असतो. ग्रंथाचे शीर्षक त्याच्याकडे बोट दाखविते, परंतु त्याची उपपत्ती त्यास झाकून टाकते.

दुसरा आक्षेप पद्धतीचा आहे. मुलाखतीत मनुष्य जे सांगतो, तेही एक सामाजिक आचरणच असते. दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिंबाब्वे या देशांतील ५,०२९ स्त्रियांवर प्रतिबंधक औषधांची जी 'व्हॉइस' चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. आपण औषध नियमित घेतो असेच बहुतेक स्त्रिया सांगत होत्या. प्रत्यक्षात तपासलेल्या रक्तनमुन्यांपैकी एकतृतीयांशाहून कमी नमुन्यांत ते आढळले. कामगारांच्या कथनाचा अर्थ लावतानाही अशी सावधगिरी अवश्य होती. तथापि हीच चाचणी लेखिकेच्या मूळ सिद्धान्तास बळकटीही देते. प्रभावी औषध हाती आले, तरी ते घेणे न घेणे सामाजिक परिस्थितीवरच अवलंबून राहते.

ग्रंथाच्या निराशेला आपल्या देशातील अनुभवाची जोड देऊन पाहणे उद्बोधक ठरेल. कलकत्त्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांच्या पुढाकाराने १९९२ साली सुरू झालेल्या कार्यातून १९९५ साली स्त्रियांची स्वतःची संघटना आणि 'उषा' ही सहकारी पतसंस्था उभी राहिली. सावकाराचा पाश सैल झाला, तशी गिऱ्हाइकास नकार देण्याची ऐपत आली; आणि सर्वजणी एकच नियम पाळू लागल्या, की शेजारच्या दाराची भीती ओसरते. सांगलीत 'संग्राम'च्या कार्यातूनही 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही संघटना साकारली. या स्त्रियांना प्रथम बळ मिळाले ते कर्ज, संघटना आणि हक्क यांच्या द्वारे. केवळ उपदेशाने ते मिळाले नसते.

या मर्यादा ध्यानात घेऊनही हा ग्रंथ आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. प्रश्नावली घेऊन वस्तीत जाणाऱ्या संशोधकाने 'तुम्हांस हे ठाऊक आहे काय?' या प्रश्नापाशी थांबू नये. 'ठाऊक असूनही नकार देणे तुम्हांस परवडते काय?' हेही विचारावे, एवढा धडा त्यातून निश्चित मिळतो.