पाथरी : 15 बाइट

नोटपॅड प्लस प्लसमध्ये कोरी फाइल उघडावी, एन्कोडिंग यूटीएफ-8 ठेवावे आणि एकच शब्द टाइप करावा : पाथरी. मग नजर खालच्या पट्टीवर न्यावी. तिथे लांबी 15 अशी दिसते. डोळ्यांना अक्षरे तीनच दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने मात्र चिन्हे पाच, कारण काना आणि वेलांटी स्वतंत्र मोजले जातात. आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट लागतात. आता पाथरी ज्या जिल्ह्यात आहे त्याचे नाव लिहून पाहावे. परभणीत अक्षरे चार, पण बाइट पुन्हा 15च. हा एडिटर मला प्रिय आहे तो यासाठी. आपण लिहिले ते यंत्राने कसे घेतले, हे तो झाकून ठेवत नाही.

डॉन हो यांनी 2003 मध्ये तो प्रथम प्रसिद्ध केला. नील हॉजसन यांचा सिंटिला हा संपादन-घटक त्याचा गाभा. मोफत आहे, हलका आहे, जुन्या संगणकावरही चटकन उघडतो. वेब पाने रचणाऱ्या फ्रंटपेज आणि ड्रीमवीव्हर यांची वाट वेगळी होती. दिसते तसे पान रचा, मागचा एचटीएमएल आम्ही लिहू, असा त्यांचा करार. टिम बर्नर्स-ली यांच्या 1990 च्या पहिल्या ब्राउझरमध्येही पान संपादित करता येई आणि टॅग हाताने लिहावे लागत नसत. त्यात सोय होती, हे खरेच. पण मराठीला ती सोय पुरली नाही.

कारण त्या काळात मराठी पाने बहुधा फॉन्टच्या करामतीवर उभी असत. पडद्यावर मराठी, आणि मागची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली की रोमन अक्षरांची खिचडी. फॉन्ट नसेल त्याच्या संगणकावर तीच खिचडी पानावरही उमटे, आणि शोधयंत्राला ‘पाथरी’ त्या पानात कधी सापडतच नसे. युनिकोड रुळल्यावर पहिल्यांदाच पान आणि पानाचा स्रोत एकाच भाषेत आले. माझ्या लेखी मराठी वेबच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना आहे, आणि ती दिसते ती साध्या एडिटरमध्येच.

पाथरीवरचे एखादे पान त्यात लिहीत जावे. मथळा, साई मंदिराचा परिच्छेद, गोदाकाठच्या गुंज गावाचा परिच्छेद, मानवत रोड स्टेशनवरून कसे यायचे त्याची ओळ. टॅग निळे, गुणधर्म लाल, त्यांच्या किमती जांभळ्या, आणि या सगळ्यामध्ये आपला मजकूर काळा, ठळक. सांगाडा आणि आशय नजरेला आपोआप वेगळे होतात. एका टॅगवर कर्सर ठेवला की त्याची जोडी उजळते, म्हणजे कुठले दार उघडे राहिले ते शोधत बसावे लागत नाही. ‘जिल्हा’ हा शब्द तर थांबून पाहण्यासारखा. वेलांटी दिसते ज च्या आधी, पण साठवली जाते ज च्या नंतर. ल आणि ह यांच्या मध्ये एक हलंत आहे, जो दिसतच नाही. दोन अक्षरे, सहा चिन्हे, 18 बाइट. शेवटून बॅकस्पेस दाबत गेले की शब्द ज्या क्रमाने रचला त्याच क्रमाने उलट उकलतो : आधी काना, मग ह, मग हलंत.

पानाच्या अगदी वर एक छोटा गुणधर्म असतो, लँग. त्याची किंमत ‘एमआर’ लिहिली की पान मराठी असल्याचे ब्राउझरला कळते. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये याचा परिणाम थेट अक्षरावर होतो : उजवीकडे दंड असलेला हिंदी वळणाचा ल जाऊन आपला मराठी ल येतो, श सुद्धा बदलतो. हीच मराठी वळणे राज्य सरकारने 2009 च्या शासननिर्णयात प्रमाण म्हणून दिली. शाळेत पाटीवर गिरवलेला ल पानावर यावा म्हणून दोन रोमन अक्षरे पुरतात. इतकी थोडकी आणि इतकी नेमकी ओळ मला सबंध एचटीएमएलमध्ये दुसरी दिसत नाही, तरी कितीतरी मराठी पानांवर तिथे अजून ‘ईएन’ असते.

एक उणीव आहे. एडिटरचा मूळ फॉन्ट कुरियर न्यू; त्यात देवनागरी नाही, म्हणून विंडोज दुसरा फॉन्ट उसना घेते आणि रोमनचे समरुंद रकाने मराठी ओळीत मोडतात. ते चालवून घेता येते. खरी कसोटी लागते ती शोधताना. ‘गोदावरीच्या किनाऱ्यावर’ हे शब्द पानात दोनदा आहेत आणि शोध एकदाच सापडल्याचे सांगतो. पडद्यावर दोन्हींत तिळमात्र फरक नाही. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह आहे, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मागे अदृश्य झीरो विड्थ जॉइनर. अलीकडच्या आवृत्त्यांत न दिसणारी चिन्हे दाखवण्याची सोय आली आहे. ती सुरू केली की दुसऱ्या ‘किनाऱ्यावर’मध्ये र आणि य यांच्यामध्ये एक छोटी चौकट उभी राहते, आणि दुरुस्ती नेमकी कुठे करायची ते समजते.