शाळेत मुलांचं ऐकून घ्यायचं कुणी?

मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी शाळेत काहीतरी व्हायला हवं, यावर आता फारसा वाद नाही. प्रश्न आहे तो हे काम करायचं कुणी. सरकारी धोरणाचं उत्तर ठरलेलं असतं: शिक्षकांनी. २०२० साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक निवडून त्यांना प्रशिक्षण द्यायचं आणि त्यांनी मुलांशी अकरा विषयांवर बोलायचं, अशी रचना आहे. भावनिक आणि मानसिक आरोग्य हा त्या अकरातला एक विषय.

कागदावर हे छान दिसतं. शिक्षक आहेतच, नवा पगार द्यायला नको. पण हे चालतं का? याची रीतसर परीक्षा आपल्याच देशात झालेली आहे, आणि तिचा निकाल कार्यक्रम सुरू होण्याआधीच उपलब्ध होता.

गोव्यातल्या 'संगथ' संस्थेच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 'सेहर' नावाचा प्रयोग केला. २०१८ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ७५ सरकारी माध्यमिक शाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले. एका गटात 'सेहर मित्र' नेमले. हे मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतल्या शिक्षकाकडे दिलं. तिसऱ्या गटात आधीपासूनचाच किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम. काम म्हणजे काय, तर भित्तिपत्रक, तक्रारी-सूचनांची पेटी, मुलांचे गट, आणि गरज असेल त्याच्याशी एकट्याने बोलणं.

आठ महिन्यांनी मोजलं. मित्र असलेल्या शाळांमध्ये वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, नैराश्याची लक्षणंही घटली. शिक्षकांच्या गटात? तिसऱ्या गटापेक्षा काहीच फरक नाही. कार्यक्रम तोच, माणूस बदलला आणि परिणाम गेला!

आता आकड्यांकडे नीट बघूया. नैराश्यावरचा परिणाम ०.२७. म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत मधोमध असलेलं मूल साधारण अकरा जागा पुढे सरकलं. चमत्कार नाही, पण जिल्हाभर मिळाला तर लहानही नाही. शाळेच्या वातावरणावरचा परिणाम मात्र १.८८. इतका मोठा आकडा दिसला की मी आधी संशय घेते. उत्तरं मुलांनीच दिलेली, आणि आपल्या शाळेत नवीन ताई-दादा आलेत हे त्यांना दिसत होतंच.

माझी मोठी तक्रार वेगळी आहे. मित्राला हेच एक काम होतं, शिक्षकाला शिकवणं सांभाळून हे करायचं होतं. मग फरक माणसाचा की वेळेचा? जो मार्क देतो त्याच्यापाशी मूल मन मोकळं करत नाही, हे कारण आपल्याला पटकन पटतं. पण या प्रयोगातून ते सिद्ध होत नाही. माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी, वरून आलेले ऑनलाइन फॉर्म. तिला समुपदेशन जमणार नाही असं मी म्हणणार नाही, पण ती ते करणार कधी?

धोरणासाठी मात्र दोन्ही कारणांचा अर्थ एकच निघतो: आहे त्या शिक्षकावर आणखी एक जबाबदारी टाकून भागणार नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, असा निर्देश दिला. दिशा बरोबर आहे. पण 'पात्र' म्हणजे फक्त पदवीधर मानसशास्त्रज्ञ असं धरलं, तर खेड्यातल्या शाळांसाठी माणसं आणायची कुठून? नालंदाचा धडा इथेच कामाचा आहे. प्रशिक्षण, देखरेख आणि पूर्ण वेळ मिळाला तर साधा माणूसही हे काम करू शकतो.

त्यामुळे पुढची योजना जाहीर झाली की किती शिक्षकांना प्रशिक्षण दिलं हा आकडा बाजूला ठेवा. मुलांचं ऐकून घेण्यासाठी वेगळा पगार कुणाला मिळतोय, एवढंच विचारा.