दहा ओळींची स्क्रिप्ट आणि 405 फोटो

फाइल्सची नावं एका झटक्यात बदलणारी एक दहा ओळींची पायथन स्क्रिप्ट आमच्या ग्रुपवर सारखी फिरत असते. मीही ती वापरली. आज तिची चिकित्सा करतेय, कारण तिच्यापायी माझा अख्खा मोसम गेला.

येडशीला रामलिंगच्या बाजूच्या माळावर माझे गवताचे तीन प्लॉट आहेत. पावसाळ्यानंतर तिथले फोटो काढले: 412, 398 आणि 405. तीन कार्डं, तीन फोल्डर. आणि तिन्हींत कॅमेऱ्याने दिलेली तीच ती नावं. म्हणून लॅबमधल्या लिनक्सवर स्क्रिप्ट चालवली, 'येडशी_1' पासून पुढे नावं देऊन सगळं एका फोल्डरमध्ये आणलं. मोजले तर 1215 ऐवजी फक्त 412!

झालं असं, की प्रत्येक फोल्डरला आकडा पुन्हा 1 पासून सुरू होत होता. त्या नावाची फाइल आधीच असेल तर पायथनचं 'रिनेम' विंडोजवर एरर देऊन थांबतं. लिनक्सवर मात्र गुपचूप जुनी फाइल पुसून नवी ठेवतं. दोन कार्डं शाबूत होती. पहिलं मी फॉर्मॅट करून बसले होते. त्या प्लॉटचे 405 फोटो गेले ते गेलेच.

दुसरा दोष याहून फसवा आहे. ही स्क्रिप्ट 'लिस्टडिर' देईल त्या क्रमाने आकडे टाकते, आणि त्या क्रमाची हमी पायथन देतच नाही. 2014 साली 'नेचर प्रोटोकॉल्स'मध्ये आलेल्या एका रसायनशास्त्राच्या स्क्रिप्टमध्ये अशीच चूक होती. तीही फाइल्सचा क्रम गृहीत धरायची. 2019 मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की ऑपरेटिंग सिस्टम बदलली की त्याच फाइल्सवरून वेगळं उत्तर येतं. म्हणजे हा फक्त नवशिक्यांचा घोळ नाही.

तिसरा दोष: जुनं नाव कुठेच नोंदलं जात नाही. फोटोच्या आत तारीख-वेळ राहते, पण प्लॉट कोणता हे माझ्या फक्त फोल्डरच्या नावात होतं. डिसेंबर 2024 मध्ये रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात आलेला वाघ टिपेश्वरचा, हे पट्ट्यांवरून ओळखता आलं. गवताला कुठले पट्टे?

स्क्रिप्ट टाकाऊ आहे असं नाही. हजारभर नावं हाताने बदलायला गेलात तर चुका जास्तच होतील. पण चार गोष्टी तिच्यात घालाच. मूळ फाइलला हात न लावता कॉपीवर काम करा. नावात प्लॉट, तारीख आणि 0001 असा चार अंकी आकडा ठेवा. यादी 'सॉर्टेड' करून घ्या. जुनं नाव-नवं नाव अशी सीएसव्ही आधी छापा, डोळ्यांनी बघा, एकही नवं नाव दोनदा नाही ना ते तपासा, मगच चालवा. शेवटी फाइल्स मोजा.

आणि मोजून होईपर्यंत कार्ड फॉर्मॅट करू नका. माझ्या पहिल्या प्लॉटवर गवत आता पुढच्या पावसाळ्यातच येईल.