गुणांकांचे दान आणि खर्ड्याची छावणी

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या टेबलाभोवती बसून खेळावयाच्या भूमिका-खेळात पात्राची घडण बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण व प्रभाव या सहा गुणांच्या अंकांनी होते. मूळ नियमानुसार प्रत्येक गुणासाठी तीन फाशांची बेरीज घेतली जाई. १८ हा सर्वोच्च अंक २१६ फेकींत सरासरी एकदाच पडतो. १९७९च्या नियमपुस्तकाने चार फासे टाकून सर्वांत लहान दान वगळण्याची मुभा दिली, आणि सरासरी १०.५ वरून सुमारे १२.२ वर गेली. २०१४च्या आवृत्तीत २७ अंकांचे समान भांडवल वाटून घेण्याचाही पर्याय आहे.

पहिली पद्धत दैववादी व शेवटची समतावादी, ही मांडणी वरवरची आहे. ११ मार्च १७९५च्या खर्ड्याच्या लढाईतील व्यक्तींना हे अंक लावले की उणीव उघडी पडते. सवाई माधवरावांना वयाच्या चाळिसाव्या दिवशी पेशवाईची वस्त्रे मिळाली. हे जन्माचे दान कोणत्या रकान्यात लिहावे? विसाव्या वर्षी ते मोहिमेवर हजर होते, परंतु मसलत नाना फडणीसांची आणि सेनापतित्व परशुरामभाऊ पटवर्धनांचे. पलीकडे रेमंडच्या कवायती पलटणी झुंजत असताना निजाम अलीने माघार घेऊन खर्ड्याचा किल्ला गाठला. शिपायांचे बळ तेथे कामी आले नाही.

फासे नशिबाचा आव आणतात, पण घराण्याला हात लावीत नाहीत. समान वाटप तर ती विषमता झाकूनच टाकते. 'ट्रॅव्हलर'ने (१९७७) सामाजिक दर्जा हा सहावा गुण मानून दोन फाशांवर सोपविला, हे त्यातल्या त्यात प्रामाणिक. तरी दर्जा एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा, ही खर्ड्याच्या छावणीतील अवस्था त्या रकान्यातही मावत नाही.