फ्रेंच फुटबॉलच्या पाठीराख्यांची तक्रार : एक भाषिक विचार

फ्रेंच भाषेत ‘स्युपोर्ते’ हे क्रियापद जुने असून त्याचा रूढ अर्थ ‘सोसणे, सहन करणे’ असा आहे. छताचा भार सोसणारा खांब, उन्हाळा सोसणारा वृद्ध, शेजाऱ्याचा उपद्रव सोसणारा गृहस्थ, या सर्वांना हे एकच क्रियापद पुरते. पुढे इंग्रजांच्या खेळाबरोबर ‘सपोर्टर’ हा शब्द फ्रान्समध्ये आला, त्याचे ‘स्युपोर्तेर’ झाले, आणि त्याच्या मागोमाग मूळ क्रियापदालाही ‘एखाद्या संघाचा पाठीराखा असणे’ असा दुसरा अर्थ चिकटला. शुद्धतावाद्यांना हा दुसरा अर्थ आजही खपत नाही. मराठीतील ‘पाठीराखा’ या शब्दाची घडण याहून निराळी आहे. पाठीराखा हा ज्याची पाठ राखतो त्याच्याहून समर्थ असावा अशी आपली कल्पना असते. म्हणूनच देवाला पाठीराखा म्हणण्याची रीत पडली. फ्रेंच पाठीराख्याची स्थिती नेमकी उलट आहे. ज्या क्लबची तो पाठ राखतो त्याच्या कारभारात त्याला काडीचेही सामर्थ्य नाही, आणि फ्रान्समधील व्यावसायिक फुटबॉलच्या सद्यःस्थितीविषयी तो फलकांवर, पत्रकांतून व स्टेडियममधील घोषणांतून जे काही सांगतो त्याचे मूळ या असामर्थ्यात आहे.

या तक्रारीला पाठीराख्यांनीच दिलेले सर्वपरिचित नाव ‘फुटबॉल-बिझनेस’ असे आहे. मुळात हा हेटाळणीचा शब्द. परंतु ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्रेंच सेनेटच्या चौकशी समितीने व्यावसायिक फुटबॉलच्या आर्थिक कारभारावर जो अहवाल सादर केला त्याच्या शीर्षकातच तो येऊन बसला. प्रेक्षकांच्या सज्जातला शब्द विधिमंडळाच्या कागदावर चढावा असे प्रसंग तरी तसेच घडले होते. २०१८ मध्ये मीडियाप्रो या स्पॅनिश कंपनीने सामन्यांच्या प्रक्षेपणासाठी वर्षाला ८० कोटी युरोंच्या आसपास रक्कम देण्याचे कबूल केले. क्लबांनी त्या भरवशावर खर्च वाढविले. आणि २०२० च्या शरदात, हंगाम सुरू होऊन दोन महिने होतात न होतात तोच, कंपनीने हात वर केले. २०२२ मध्ये लीगने आपल्या व्यापारी शाखेचा १३ टक्के हिस्सा सीव्हीसी या गुंतवणूक संस्थेला १५० कोटी युरोंस विकला. २०२४ मध्ये डाझन ही कंपनी आली. बारा महिन्यांची हमी देणाऱ्या प्रेक्षकाकडून महिन्याला सुमारे ३० युरो आणि हमी न देणाऱ्याकडून सुमारे ४० युरो मागून, एका हंगामानंतर तीही निघून गेली. अखेर २०२५ मध्ये लीगने स्वतःचीच वाहिनी काढली व निम्म्या दराने सामने दाखविण्यास आरंभ केला. या घडामोडींत पाठीराख्यांचा राग कोणालाही समजण्याजोगा आहे, व त्याबद्दल अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

तथापि पाठीराखे पैशाविरुद्ध बोलत आहेत, असा जो निष्कर्ष बहुधा काढला जातो तो घाईचा आहे. फ्रान्समध्ये धंदेवाईक फुटबॉल १९३२ साली अधिकृतपणे सुरू झाले आणि त्याच्या जन्माला कारखानदारच उपस्थित होते. सोशो येथील क्लब १९२८ मध्ये प्यूजो या मोटारी बनविणाऱ्या घराण्याने स्थापिला. सेंट-एतियेन येथील स्टेडियमला ‘काझिनो’ या किराणा दुकानांच्या साखळीचा संस्थापक जोफ्रुआ गिशार याचे नाव आहे. ज्या ‘लोकांच्या फुटबॉल’चे स्मरण पाठीराखे आज हळवेपणाने करतात, ते फुटबॉल मालकांनी काढलेले, मालकांनी पोसलेले व पुष्कळदा मालकांच्या कामगारांनी पाहिलेले होते. येथे ‘पोप्युलेर’ या फ्रेंच विशेषणाची दुहेरी चाल ध्यानात घेतली पाहिजे. त्याचा एक अर्थ ‘सामान्य श्रमिक जनांचा’ आणि दुसरा ‘पुष्कळांना आवडणारा’. पाठीराखा ‘फुटबॉल पोप्युलेर’ म्हणतो तेव्हा त्याला पहिला अर्थ अभिप्रेत असतो. लीगचे चालक त्याच शब्दाने त्याला उत्तर देतात, तेव्हा ते प्रेक्षकसंख्या पुढे करतात. आणि २०२३–२४ च्या हंगामात पहिल्या श्रेणीच्या सामन्यांना सरासरी सत्तावीस हजारांच्या आसपास प्रेक्षक येत होते, हे खोटे नाही. दोघेही एकच शब्द उच्चारतात व एकमेकांस खोटे ठरवितात. वादाचा निम्मा गोंधळ येथेच आहे.

मग जुन्या मालकात आणि नव्या मालकात भेद कोणता? एमिल बेनव्हेनिस्त या भाषाशास्त्रज्ञाने १९४६ साली क्रियापदाच्या पुरुषांविषयी एक निबंध लिहिला. ‘मी’ आणि ‘तू’ हे संवादात प्रत्यक्ष उभे असतात व एकमेकांची जागा घेऊ शकतात. ‘तो’ मात्र संवादाच्या बाहेर असतो, म्हणून तृतीय पुरुष हा खरे पाहता पुरुषच नव्हे, असे त्याचे प्रतिपादन आहे. फ्रेंच पाठीराख्यांच्या भाषेला हे सूत्र लावून पाहण्यासारखे आहे. गिशार किंवा प्यूजो यांच्यावर राग काढावयाचा असेल तर त्यांना ‘तुम्ही’ म्हणता येत असे. ते गावात राहत, त्यांचा कारखाना वा दुकान नाक्यावर दिसे. आजचा मालक ‘ते’ झाला आहे. सेंट-एतियेनचा क्लब २०२४ मध्ये एका कॅनेडियन गुंतवणूक संस्थेकडे गेला. बोर्दोचा क्लब, सहा वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला, २०१८ मध्ये अमेरिकन निधींच्या हाती गेला, २०२१ मध्ये पुन्हा विकला गेला, आणि जुलै २०२४ मध्ये कर्जापायी व्यावसायिक दर्जा सोडून थेट चौथ्या श्रेणीत उतरला. हा ऱ्हास मैदानावरील पराभवांनी नव्हे, हिशेबाच्या वह्यांनी पुरा केला. तेथील पाठीराख्याला आपल्या क्लबाच्या दुर्दशेचा जाब ज्याला विचारावा असा द्वितीय पुरुषच उरला नाही.

स्ट्रासबुर्गचे उदाहरण याहून बोधक आहे, आणि ते थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. १९७९ चा हा राष्ट्रीय विजेता क्लब २०११ मध्ये दिवाळखोरीत निघून पाचव्या श्रेणीत घसरला. पूर्वीचा खेळाडू मार्क केलेर व काही स्थानिक व्यावसायिक यांनी त्याला सावरले. पाठीराखेही खालच्या श्रेणींतील सामन्यांना मोठ्या संख्येने येत राहिले, आणि २०१७ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत परतला. जून २०२३ मध्ये याच स्थानिक मंडळींनी तो ब्ल्यूको या संघटनेस विकला. लंडनचा चेल्सी क्लबही तिच्याच मालकीचा आहे. २०२४–२५ च्या हंगामात येथील संघटित पाठीराख्यांनी निषेधाची एक विलक्षण रीत अवलंबिली : घरच्या मैदानावरील सामन्याची पहिली पंधरा मिनिटे मौन पाळावयाचे. गोंगाट हेच ज्यांचे काम त्यांनी बोलणे थांबविले. हे मौन म्हणजे वक्तव्याचा अभाव नसून ते पूर्ण वक्तव्य होते, कारण ते नेमके मोजलेले होते व सोळाव्या मिनिटाला मोडत असे. त्यातून असे सुचविले जाई, की जो ‘तुम्ही’ ऐकतच नाही त्याच्याशी बोलावयाचे कसे.

परंतु त्याच हंगामात संघ सातवा आला व युरोपीय स्पर्धेस पात्र ठरला. तरुण व महाग खेळाडू आले, खेळ देखणा झाला, आणि इतर प्रेक्षकांपैकी पुष्कळांना हे मौन कृतघ्नपणाचे वाटले. सप्टेंबर २०२५ मध्ये संघाचा कर्णधार एमेघा हा पुढील हंगामात चेल्सीकडे जाणार असे जाहीर झाले, तेव्हा तक्रारीला देह मिळाला. कर्णधाराने जर्सी बदलण्याचे आधीच ठरविले असेल तर दंडावरची पट्टी कोणाच्या वतीने बांधावयाची, हा प्रश्न भावनेचा असला तरी निरर्थक नाही. मात्र पाठीराख्यांच्या युक्तिवादातील एक दुबळी जागा येथे उघडी पडते. क्लब विकणारे ‘ते’ नव्हते. गावातले, ओळखीचे, ‘आम्ही’तलेच लोक होते, आणि केलेर विक्रीनंतरही अध्यक्षपदी राहिले. परक्यांवर रोष धरणे सोपे असते, आपल्यांतल्या विक्रेत्याला संबोधणे जड जाते.

शासनाच्या भाषेत मात्र पाठीराखा स्वतःच तृतीय पुरुष होतो. २०११ च्या एका कायद्याने गृहमंत्र्यास पाठीराख्यांचा प्रवास रोखण्याचा अधिकार दिला. हा हुकूम कोणास लागू, हे सांगताना कायदा म्हणतो : जे स्वतःला एखाद्या संघाचे पाठीराखे म्हणवितात, किंवा जे तसे वागतात. व्याख्या करण्याची ही रीत भाषाभ्यासकाला चकित करणारी आहे. मनुष्याने काय केले हे येथे पाहिले जात नाही. तो स्वतःस काय म्हणतो व कशासारखा दिसतो एवढे पुरते. गळ्यातला रंगीत पट्टा हाच पुरावा. ‘पाठीराखे आहोत, गुन्हेगार नव्हे’ ही घोषणा देशातील अनेक स्टेडियममध्ये फलकांवर दिसते ती याच व्याख्येला दिलेले उत्तर आहे, आणि असे काही हुकूम फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने स्थगितही केले आहेत. २०१६ च्या कायद्याने एक राष्ट्रीय सल्लागार मंडळ नेमले व त्याच्या नावासाठी ‘स्युपोर्तेरिझ्म’ असा शब्द वापरला. ‘इझ्म’ लावल्याने पाठीराखेपण ही एखादी विचारसरणी किंवा एखादा विकार असल्याचा भास होतो; तरी संवादाची जागा कायद्याने मान्य केली, हे महत्त्वाचे.

येथवर पाठीराख्यांची बाजू मांडली गेली. त्यांच्या ‘आम्ही’चीही परीक्षा झाली पाहिजे. १९९८ च्या विश्वचषकाचे बोधचिन्ह असलेल्या कोंबड्याचे नाव ‘फूतीक्स’ होते. विजयानंतर जे फुटबॉलकडे वळले त्यांना जुने पाठीराखे तुच्छतेने ‘फूतीक्स’ म्हणू लागले, आणि हा शब्द आजही शिवीसारखा वापरला जातो. ज्याने सोसले नाही तो आपला नव्हे, असा त्याचा आशय. याहून कठोर उदाहरण मार्च २००८ चे आहे. पॅरिस आणि लाँस यांच्यातील चषकाच्या अंतिम सामन्यात पॅरिसच्या एका गटाने जो फलक उभारला, त्यात खाणींच्या प्रदेशातील उत्तरेकडच्या लोकांची इतर ओंगळ विशेषणांबरोबर ‘बेकार’ म्हणूनही हेटाळणी होती. त्या गटावर पुढल्याच महिन्यात बंदी आली. श्रमिकांच्या फुटबॉलचा कैवार घेणाऱ्या सज्जांतूनच श्रमिकांच्या दारिद्र्याची थट्टा झाली, ही गोष्ट ‘पोप्युलेर’ या शब्दाचा इतिहास लिहिताना वगळता येणार नाही.

हिंसेच्या प्रसंगी तर पुरुषांची अदलाबदल फारच सोयीची होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये लियों येथे मार्सेयच्या पायेत या खेळाडूच्या डोक्यावर बाटली आदळली व सामना पाचव्या मिनिटाच्या सुमारास थांबला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मार्सेय येथे लियोंच्या बसवर दगडफेक होऊन प्रशिक्षक ग्रोसो यांचा चेहरा रक्तबंबाळ झाला. अशा वेळी एरवी गर्जणारा ‘आम्ही’ नाहीसा होतो आणि ‘काही व्यक्तींनी’ हा शब्दप्रयोग पुढे येतो. सामूहिक शिक्षेविरुद्ध पाठीराख्यांचा आक्षेप न्याय्य आहे. परंतु विजय व वारसा सामूहिक आणि अपराध तेवढा वैयक्तिक, असा हिशेब चालू शकत नाही.

इंग्रजी ‘बिझनेस’ला परका ठरविणाऱ्यांची स्वतःची परिभाषाही आयात केलेलीच आहे. ‘उल्त्रा’, ‘तिफो’ व ‘कापो’ इटलीहून आले. मार्सेयच्या १९८४ च्या गटापासून ही परंपरा फ्रान्समध्ये रुजली. ‘कॉप’ हा लिव्हरपूलच्या सज्जावरून आला. त्या सज्जाला नाव मिळाले ते दक्षिण आफ्रिकेतील स्पिऑन कॉप या टेकडीवरून, जेथे जानेवारी १९०० मध्ये इंग्रज सैनिक मोठ्या संख्येने पडले, आणि जखमींना वाहून नेणाऱ्या हिंदी पथकात गांधीजी होते. शब्द असे फिरतात, त्यात दोष नाही. दोष आहे तो केवळ दुसऱ्याच्या उसनवारीला उसनवारी म्हणण्यात.

उसन्या शब्दापासून काही घडविता येते याचे उदाहरण सोशो येथे आहे. प्यूजोने २०१५ मध्ये हा क्लब विकल्यावर तो परदेशी मालकांच्या हाती गेला, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात कर्जापायी त्याला तिसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आले. तो वाचविण्यासाठी स्थानिक व्यावसायिकांबरोबर पाठीराख्यांची एक संस्था भागीदार झाली. स्पॅनिशमधील ‘सोसिओ’, म्हणजे सभासद, आणि ‘सोशो’ हे गावाचे नाव जोडून तिने ‘सोसिओशो’ असे नाव घेतले आहे. कोर्सिकातील बास्तियाच्या क्लबने २०१९ मध्ये सहकारी संस्थेचे रूप घेतले. या प्रयोगांचा आवाका लहान आहे, आणि पॅरिसच्या क्लबमागे २०११ पासून उभ्या असलेल्या कतारच्या पैशाशी त्यांची तुलनाच होऊ शकत नाही. ३१ मे २०२५ रोजी त्या क्लबने युरोपचे अजिंक्यपद ५–० ने जिंकले, तेव्हा त्याच्या पाठीराख्यांपैकी किती जणांस मालक कोठचा हे आठवले असेल, हा वेगळा प्रश्न. परंतु सोशोच्या पाठीराख्याचे व्याकरण तरी बदलले आहे. यापुढे तेथील तिकिटाचा दर वाढला किंवा चांगला खेळाडू विकला गेला, तर सज्जातून येणारा ‘तुम्ही’ ज्यांना उद्देशून असेल त्यांत तो स्वतःही बसलेला असेल.