रस्ट भाषेतील पॅनिक-व्यवस्था : एक चिकित्सा

सिस्टिम प्रोग्रॅमिंगच्या क्षेत्रात रस्ट या भाषेचा गौरव प्रामुख्याने तिच्या स्मृतिसुरक्षेमुळे होतो. मे २०१५ मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाली. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स कर्नलच्या ६.१ या आवृत्तीत तिला प्रवेश मिळाला. तथापि प्रोग्रॅम कोसळतो तेव्हा भाषा कशी वागते, यावरून तिची खरी पारख होते असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या दृष्टीने रस्टमधील ‘पॅनिक’ या व्यवस्थेचे परीक्षण येथे केले आहे.

एका फंक्शनने दुसऱ्यास, दुसऱ्याने तिसऱ्यास पाचारण केले की प्रत्येकाची चौकट थाळ्यांच्या चळतीप्रमाणे स्टॅकवर रचली जाते. पॅनिक उद्भवल्यावर ही चळत वरून खाली उतरविली जाते आणि प्रत्येक चौकटीतील मूल्यांचे ‘ड्रॉप’ चालवून फाइल, कुलूप, स्मृती मोकळी केली जाते. यालाच स्टॅक अनवाइंडिंग म्हणतात. गणेशोत्सवाचा मांडव उतरविताना आधी रोषणाई, मग कापड आणि शेवटी बांबू निघतात. बांबू आधी ओढला तर काय होते ते सांगावयास नको. ही उतरण तळापर्यंत पोहोचली की तो थ्रेड संपतो. मध्येच ती अडवावयाची असल्यास २०१६ पासून ‘कॅच अनवाइंड’ उपलब्ध आहे. उतरण चालू असतानाच एखाद्या ड्रॉपमधून दुसरे पॅनिक बाहेर पडले, तर मात्र सारा प्रोग्रॅम तत्काळ थांबविला जातो.

रस्टची भूमिका अशी की, अपेक्षित अपयश ‘रिझल्ट’ या प्रकाराने परत करावे आणि पॅनिक प्रोग्रॅमरच्या चुकीसाठी राखून ठेवावे. भूमिका उत्तम, पण सीमारेषा कोणी आखावयाची? फंक्शन अपयशी ठरू शकते हे रिझल्टमुळे त्याच्या घोषणेतच दिसते; ते पॅनिक करू शकते हे तेथे कोठेच दिसत नाही. सर्व काही प्रकारांत नोंदविण्याचा आग्रह धरणाऱ्या भाषेने नेमकी हीच गोष्ट दस्तऐवजातील टिपेवर सोडली आहे. रिझल्टचे पॅनिकमध्ये रूपांतर करावयास ‘अनरॅप’ हा एक शब्द पुरतो. शिवाय अंतिम प्रोग्रॅम बांधणारा एका ओळीने अनवाइंडिंग रद्द करून ‘अबॉर्ट’ निवडू शकतो. मग कॅच अनवाइंडच्या हाती काहीच लागत नाही. लायब्ररी लिहिणाऱ्यास, पॅनिकच्या प्रसंगी आपला ड्रॉप चालेल की नाही, हे लिहिताना ठाऊक नसते.

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीची सेवा काही तास विस्कळीत झाली. डेटाबेसच्या परवानग्यांतील बदलामुळे बॉट ओळखण्याच्या फाइलमध्ये नोंदी दुबार आल्या, २०० वैशिष्ट्यांची मर्यादा ओलांडली गेली आणि एका अनरॅपमुळे थ्रेड पॅनिक झाला. यावरून रस्टला दोष देणे उथळपणाचे होईल. याच कंपनीत सी भाषेवर आधारलेला पार्सर बफरच्या सीमेपलीकडे वाचत असल्याचे फेब्रुवारी २०१७ मध्ये उघडकीस आले. तेव्हा काहीच कोसळले नव्हते, आणि म्हणूनच परक्यांची खासगी माहिती काही महिने पानांत झिरपत राहिली होती. त्या तुलनेत २०२५ चे पॅनिक प्रामाणिक म्हटले पाहिजे. त्याची जागा मात्र चुकली. फाइल सदोष येणे हे अपेक्षित अपयश होय. जुनी फाइल कायम ठेवून पुढे जाणे शक्य होते. अनवाइंडिंग कितीही नीटनेटके झाले तरी अशा वेळी विनंतीला उत्तर त्रुटीचेच जाते. आवराआवर म्हणजे सावरणे नव्हे, हा भेद पाठ्यपुस्तकी विवेचनात पुसट होतो.

कर्नलमध्ये तर अनवाइंडिंगला थाराच नाही. मागितलेली स्मृती मिळाली नाही एवढ्यावरून पॅनिक होणे लिनस टोरवाल्ड्स यांनी २०२१ मध्येच अमान्य केले होते, आणि ते योग्यच होते.

ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा सेंटरांत आपले विद्यार्थी उद्या कामास लागतील. सी प्लस प्लस आणि जावा शिकविताना अपवाद-हाताळणीची व्याख्या आपण तत्परतेने लिहून घेतो. रस्टच्या नमुन्यांत मात्र फळ्यावर जागा वाचावी म्हणून सर्रास अनरॅप वापरला जातो. प्रात्यक्षिक परीक्षेत चालू प्रोग्रॅमला मुद्दाम सदोष फाइल द्यावी, आणि तो थांबला तर कोणत्या ओळीवर व का थांबला, याला गुण ठेवावेत.