हसरे अणू पुरे झाले

रसायनशास्त्राच्या शैक्षणिक चित्रफितींचा सध्या सुकाळ आहे आणि त्यांत एक दृश्य हटकून येतं. नाक-डोळे लावलेला सोडिअमचा अणू हसतहसत आपला इलेक्ट्रॉन क्लोरिनला देतो, बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन होऊन दोघांचं अष्टक पूर्ण होतं, दोघे हातात हात घालून उभे राहतात. नवी मुंबईत वाशी-नेरुळच्या वर्गात स्मार्ट बोर्डावर हे पाहणाऱ्या मुलाला वाटतं, समजलं. प्रत्यक्षात दोन चुका पक्क्या बसतात: अणूला इच्छा असते आणि मीठ म्हणजे अशा सुट्या जोड्या.

या देवघेवीचा हिशेब मांडून पाहा. एक मोल सोडिअम अणूंतून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४९६ किलोज्यूल लागतात. क्लोरिनने ते घेतल्यावर सुमारे ३४९ परत मिळतात. व्यवहार तोट्याचाच. हा तोटा भरून निघतो आणि मीठ टिकतं ते आयनांच्या जालकामुळे: प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम. चित्रफीत नेमकं हेच गाळते. अष्टक पूर्ण करण्यासाठीच अणू बंध बांधतात, ही भूल विज्ञानशिक्षणाचे अभ्यासक किथ टेबर यांनी इंग्लंडच्या विद्यार्थ्यांत तपशिलाने नोंदवली आहे. आपण तीच रंगवून दाखवतो.

बाकीच्या साधनांबद्दल फार लिहावं असं काही नाही. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागच्या कित्येक फिती म्हणजे त्याच पुस्तकाचं मोठ्याने वाचन. सराव-ॲप पाठांतर मोजतात.

आशा वाटते ती एकाच वाटेची: आधी मुलांकडून अंदाज घ्यावा, मग दाखवावं. उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यांत काय असतं? न्यूझीलंडमध्ये ऑस्बोर्न आणि कॉसग्रोव्ह या संशोधकांनी मुलांना हे विचारलं, तेव्हा हवा, हायड्रोजन आणि ऑक्सिजन अशी उत्तरं आली. १९८३ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. हाच प्रश्न कोपरखैरण्यात विचारा. बुडबुड्यातले कण मुलांना वहीत काढू द्या. मगच संगणकावरची विज्ञान-सिम्युलेशनं बनवणाऱ्या फेट (PhET) प्रकल्पाचं द्रव्याच्या अवस्थांचं सिम्युलेशन लावा: रेणू एकमेकांपासून दूर जातात, पण तुटत नाहीत; म्हणजे बुडबुड्यात असते ती पाण्याचीच वाफ. डोळ्यांना दिसणारं, कणांचं आणि चिन्हांचं, या रसायनशिक्षणाचे अभ्यासक जॉनस्टन यांनी मांडलेल्या तीन पातळ्या इथे जोडल्या जातात.

चूक दाखवली तर ती मनात ठसेल, असा आक्षेप हमखास येतो. पण ती आधीच मनात असते. सिडनीत डेरेक म्यूलर यांनी २००८ च्या प्रबंधात भौतिकशास्त्राच्या फिती तपासल्या. नितळ स्पष्टीकरण विद्यार्थ्यांना सोपं वाटलं, पण त्यातून ते फारसं शिकले नाहीत. चुकीच्या समजुतींवर वाद घालणारी फीत अवघड वाटली, पण शिकवून गेली. सोपं वाटणं हा निकषच खोटा आहे. वेळ नाही, ही सबबही पटत नाही. नववीत वाचवलेली दहा मिनिटं अकरावीत तासांनी फेडावी लागतात.

खाडीपलीकडे मानखुर्दला, १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मुलांच्या कल्पनांवर संशोधन होत आलं आहे. तरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांशेजारी वाढणारी मुलं बंध तोडायला ऊर्जा लागत नाही, उलट ती बाहेर पडते असं मानत शाळा सोडणार असतील, तर दोष मुलांचा नाही, साधनांचा आहे. म्हणून शाळांनी खरेदीपूर्वी विक्रेत्याला विचारावं: हे साधन मुलाची कोणती चूक उघड करतं? उत्तर नसेल, तर ते फुकटही घेऊ नये.